हळदीचा हंगाम आणि जीपचे दात

माझं अक्षर चांगलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ कुठं चुकतं ते मला कळत नाही, आणि ओळ कागदाच्या कडेकडे जाता जाता खाली घसरते. त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीपर्यंत शाळा झाली, तीही तांड्यावरच्या एका खोलीत. घरात आमची बोली गोरमाटी. मराठी मला शाळेत आणि बाजारात मिळाली. घरातली माणसं जे बोलली ते आमच्या बोलीत बोलली, पण इथं मी मराठीतच लिहिते, कारण आमच्या बोलीला अक्षरं कशी लावायची हे मला कुणी शिकवलं नाही. हे कुणाला दाखवायचंही नाही. चार माणसांसमोर माझा आवाज घशातच राहतो. कागदासमोर तो बाहेर येतो, एवढंच.

शिवारात परत हळद शिजायला लागली आहे. आता ट्रॅक्टरमागे ओढत आणायचे बॉयलर आले आहेत, वाफ सोडली की काम झालं. तेव्हा काहिली होत्या. मोठ्या लोखंडी काहिलीत ओली हळद भरायची, पाणी ओतायचं, वर हळदीचाच पाला आणि भिजलेली पोती झाकायची आणि खाली दिवसभर जाळ घालत राहायचं. तो वास ओल्या मातीचा असतो, थोडा औषधाचा असतो. पहिल्या दिवशी बरा वाटतो. नंतर नंतर भाकरीला येतो, पाण्याच्या घागरीला येतो, निजलेल्या लेकराच्या केसांना येतो.

या वासाने लोकांना लग्नं आठवतात. मला वास आला की मी कान देऊ लागते. नाल्याकडून एखादी गाडी चढत असेल तर तिचा आवाज सरळ आहे का, त्यात कुठं रडणं मिसळलंय का, हे ऐकते. गाडी कुणाचीही असो. सून विचारते, "आत्या, कुणाची वाट बघता?" मी म्हणते, कुणाची नाही. हळद शिजायला लागली की माझा कान संशयी होतो, हे तिला कसं सांगावं?

ज्या वर्षाचं हे आहे तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता. हिंगोली नुसतं तालुक्याचं गाव होतं, पण मोंढा, म्हणजे शेतमालाचा बाजार, तिथंच होता आणि हळद तिथंच जायची. आमचा तांडा कळमनुरी तालुक्यात, डोंगरकड्याच्या अंगाला. सडक तांड्याजवळ, पण हळदीचं शिवार नाल्याच्या पलीकडे. नाल्यात गुडघाभर वाळू आणि अलीकडच्या काठाला अशी खडी चढण की भरली बैलगाडी वर आणायला दोन जोड्या जुंपाव्या लागत. म्हणून यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, सरकारी लिलावातली जुनी जीप घेतली होती. तिला दोन दांडे जास्तीचे होते. ते ओढले की मागच्या चाकांसोबत पुढचीही ओढायला लागत, आणि जीप वाळूतून शेळीसारखी वर येई. हळदीच्या दिवसांत सगळ्या शिवाराची पोती तिच्यावर. त्या भाड्यावर आमचं वर्ष निघायचं.

हंगाम नुकता लागला होता. मी काहिलीपाशी होते. जीप चढणीवर निम्मी आली आणि हाड मोडल्यासारखा आवाज झाला. इंजिन ओरडत होतं पण चाक हलत नव्हतं. पोत्यांसकट जीप हळूहळू मागे सरकली आणि वाळूत जाऊन बसली. हे खाली उतरले आणि पहिल्यांदा चाकाकडे नाही, माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला लगेच कळला: पैसे कुठून आणायचे?

डोंगरकड्याहून ग्यानबा मिस्त्री आला. जीपच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडी भोपळ्यासारखा एक गोळा असतो. त्याने तो उघडला आणि खाली टोपलं धरलं. तेलाबरोबर मोडलेले दात पडले. आत दोन दातेरी चाकं असतात. मोठं ताटाएवढं, त्याला क्राउन म्हणतात. लहान मुठीएवढं, ते पिनियन. लहानाचे दात मोडले होते. मोठ्याचे सगळे जागेवर दिसत होते.

"जोडी बदलावी लागंल, नाईक," मिस्त्री सासऱ्यांना म्हणाला.

सासरे उकिडवे बसले. त्यांचं सगळं आयुष्य बैलबाजारात गेलं होतं. आमचे जुने लोक बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ वाहून नेत, आणि सासऱ्यांच्या हातात त्यातली बैलाची पारख तेवढी उरली होती. बैलाचा ओठ वर केला की दोन दाती, चार दाती, सहा दाती, त्यावरून बैलाचं वय त्यांना लगेच कळे. त्यांनी मोठ्या चाकाच्या दातांवरून अंगठा फिरवला.

"हा तर धड हाय. ह्याला काहून बदलायचं?"

"दोन्ही संगं झिजलेले असतात. नव्याला जुनं मानवत न्हाई."

"मिस्त्री, बैलजोडीतला एक मेला म्हणून दुसरा कसायाला देतो का आपण? त्याच्या जोडीला दुसरा बघतो."

"हे बैल न्हाई, नाईक."

"दात तर हायत ना!"

मिस्त्री हसला. सासऱ्यांना ते हसणं आवडलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. एक मोडलंय आणि हा दोन घ्यायला सांगतो, म्हणजे यात याचं काहीतरी आहे, असं मला वाटलं. मला माझ्या याडीने, म्हणजे आईने, लहानपणी शिकवलं होतं की मडकं घेताना वाजवून बघ, आणि ज्याला वाजवू देत नाहीत ते घेऊ नको. पण वाजवायचं कसं हे चाकांच्या बाबतीत मला ठाऊक नव्हतं. न कळणाऱ्या वस्तूवर माणूस संशय घेऊ शकत नाही, म्हणून तो विकणाऱ्यावर घेतो. हे आता लिहिताना कळतं. तेव्हा नुसता राग आला होता.

पैसे माझ्या भावाने दिले. त्याला मी भिया म्हणते. त्याचा कापूस नुकताच विकला गेला होता. मी मागायला गेले तेव्हा उंबऱ्यातच उभी राहिले, आणि काय मागायचं ते सोडून लेकरांची खुशाली सांगत बसले. शेवटी त्यानेच विचारलं, "गाडी मोडली म्हणे?" आणि आतून पैसे आणून माझ्या हातात दिले. "हे तूच खर्च कर. जावयाच्या हातात देऊ नको. म्हाताऱ्याच्या बी न्हाई." भावजय चुलीपाशी होती. तिने मान वळवली नाही, पण तिचं कालवण ढवळणं थांबलं होतं. तिची मूक पाठ मला आजही दिसते. कागद झाला नाही, साक्षीदार नव्हता. माझा शब्द होता, आणि तोही मी पुरता उच्चारलेला नव्हता. एक मात्र न बोलता ठरलं: पैसे फिटेपर्यंत माहेर माझं पहिल्यासारखं नाही. बाईला माहेर एकच असतं. जीप दुसरी मिळाली असती.

म्हणून हिंगोलीला मला जावं लागलं. पैसे याडीने कशिदा काढलेल्या कोथळीत, कोथळी कमरेला, आणि कमरेवर माझा हात. मोंढ्याच्या बाजूला स्पेअरचं दुकान होतं. आत तेलाचा आणि नव्या रबराचा वास. बाई मी एकटीच. मी दाराच्या कडेला, टायरांच्या थप्पीमागे अर्धी लपून उभी राहिले. मिस्त्रीला सासऱ्यांनी मुद्दाम बरोबर घेतलं नव्हतं. "कोल्ह्याला कोंबड्याच्या बाजारात कशाला न्यायचं?" असं म्हणाले होते.

दुकानदार हिंदी बोलणारा, जाड भिंगांचा चष्मा. त्याने खोका उघडून तेलकट कागदात गुंडाळलेली जोडी दाखवली. "दोनों साथ में आता है, चाचा. कंपनी में साथ घिस के बनाते हैं. नंबर देखो, दोनों पर एक."

सासऱ्यांनी नंबर बघितला नाही. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, दुकानदाराच्या हातावर टाकला आणि रुमालाखाली त्याची बोटं धरली.

बैलबाजारात भाव असाच ठरतो. तोंडाने कुणी बोलत नाही. रुमालाखाली बोटं दाबायची; आजूबाजूच्याला कळत नाही काय मागितलं, काय दिलं. दुकानदार घाबरून हात मागे ओढू लागला. "क्या कर रहे, चाचा? छोड़ो, छोड़ो!" गिऱ्हाइकं हसायला लागली. एकजण म्हणाला, "सेठ, नाडी बघून राहिला म्हातारा! औषध घ्या आता." यांनी मान खाली घातली. सासरे मात्र शांत. त्यांनी रुमाल झटकून परत खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "जो रुमालाखाली हात देत न्हाई, त्याच्या मनात मैल हाय."

आणि मग त्यांनी नुसतं लहान चाक मागितलं. दुकानदाराने आधी नाही म्हटलं. सासरे उठायला लागल्यावर म्हणाला, थांबा. फळीखालून एक सुटं पिनियन काढलं, फडक्याने पुसलं आणि समोर ठेवलं. "ले जाओ. वापस नहीं होगा."

फडक्यावर काळा डाग आला होता. नव्या वस्तूचं तेल मधासारखं असतं, हे मी आत्ताच त्या खोक्यात बघितलं होतं. मी सासऱ्यांना आमच्या बोलीत म्हटलं, "मामा, हे कुणीतरी वापरलेलं दिसतं." ते म्हणाले, "बाई, लोखंडाला गंज लागू नये म्हणून काळं तेल लावतात." यांच्याकडे बघितलं. यांना तिथून लवकर निघायचं होतं. मी कोथळीची नाडी सोडली. दुकानदाराला दिलेले पैसे मी पायरीवर उभी राहून मनात परत मोजत होते, आणि तो आम्हाला बाहेर जाईपर्यंत बघत होता. आपल्याला फसवलंय असं वाटणं आणि फसवल्याची खात्री असणं यांच्यामधे एक जागा असते. त्या जागेत मी पुढचे कितीतरी दिवस राहिले.

मिस्त्रीने ते बसवलं. "बसवतो मी, पण रडली तर माझं नाव घेऊ नका," म्हणाला.

आणि ती रडली. सडकेवर वेग घेतला की खालून एक लांब सूर निघायचा, लांडग्याने मान वर करून धरावा तसा. तांड्यावरची कुत्री उत्तर द्यायची. जीप नाल्यात असली तरी मला चुलीपाशी कळायचं. काहिलीखाली जाळ घालताना माझं लक्ष जाळावर नसायचं. सूर वर चढला की हातातलं लाकूड हातातच राहायचं, सूर थांबला की मी उठून नाल्याकडे बघायची. सासरे म्हणायचे, नवा बैल जुन्याच्या जोडीला दोन-चार दिवस ओढ घेतोच, मग रुळतो. ते हे रोज म्हणायचे.

त्या होळीला भियाच्या तांड्यावर गेले. आमच्यात होळी मोठी. डफ वाजतो, लेंगीची गाणी होतात, बाया-गडी समोरासमोर टोमण्यांची गाणी म्हणतात. मी बायांच्या मागच्या रांगेत होते. भावजय पुढून मोठ्याने म्हणाली, "नणंदबाई, तुमची गाडी गाती म्हणे! औंदा लेंगी म्हणायला तिलाच आणायची होती की."

बाया हसल्या.

"गाडी गाती, मग पैसे काहून मुके झाले?"

हे तिने हसत म्हटलं होतं, होळीत असं चालतं, रागवायचं नसतं. मीही हसले. पण भियाने डफ खाली ठेवला आणि तो कुठंतरी पाणी प्यायला गेला. परत येताना मी वाटभर विचार करत होते की तिने हे गाण्यात का म्हटलं. सरळ म्हटलं असतं तर मी उत्तर दिलं असतं का? नसतं. तिला ते ठाऊक होतं. मग मला असंही वाटलं, भियानेच तिला बोलायला लावलं असेल. सख्ख्या भावावर संशय घ्यायला मला डोंगरकड्यापासून आमच्या तांड्यापर्यंतचा रस्ता पुरला.

होळी झाली आणि जीप परत बसली. तीच चढण, तोच आवाज. या वेळी मिस्त्रीने गोळा उघडला तर तेलात चांदीसारखा बारीक चुरा तरंगत होता आणि दोन्ही चाकांचे दात गेले होते. ज्याला सासऱ्यांनी धड म्हटलं होतं ते मोठंही बोडखं झालं होतं. सासरे टोपल्यात बघत राहिले. मग उठून बैलांना पाणी दाखवायला गेले, आणि बैलांना नुकतंच पाणी पाजून झालं होतं.

शिवारात शिजलेली हळद वाळत पडली होती. ज्यांची पोती आम्ही न्यायची ते लोक दुसऱ्या गाड्या बघायला लागले होते. कोथळीत पैसे उरले होते ते एका जोडीपुरते, तेही घासाघीस करून. आता चुकलं तर जीप भंगारात, आणि भियाचे पैसे तिच्यासोबत.

दुसऱ्या वेळी मी म्हटलं, मिस्त्री बरोबर येईल. मालकांनी वर बघितलं. मी एवढं सरळ बोलले याचंच त्यांना नवल वाटलं असावं. मला मिस्त्रीवर भरवसा आला होता असं नाही. माझा हिशेब एवढाच होता की दोन माणसं एकमेकांकडे संशयाने बघत असली की तिसऱ्याला थोडं खरं कळतं.

या वेळी सासरे आले नव्हते. दुकानदाराने दोन खोके काढले. एकात लहान चाकाला आठ दात, दुसऱ्यात नऊ. यांचा हात लगेच नवाच्या खोक्यावर गेला.

"ही घेऊ. ही पळती."

मिस्त्रीने मान हलवली. "पळंल, पण ओढणार न्हाई. आन् तुमच्या पुढच्या गोळ्यात आठाची हाय. मागं नवाची घातली तर पुढची चाकं एक म्हणतील, मागची दुसरं. नाल्यात चारी चाकं लावली की गाडी सोताशीच भांडंल. काहीतरी तुटंल."

"मग पुढची जोडी बी बदलायची का? म्हणजे अजून एक खोका!" हे उसळून म्हणाले. "तुजं बरं हाय, मिस्त्री."

"मी तसं म्हणलो का? मी म्हणतो आठाची घ्या, पुढच्याला हात लावू नका."

"मग चारी लावायचीच न्हाई."

"मग नाल्यातून कशी निघंल?"

"नाल्यात जायचंच कशाला? नांदेड रोडला सवारी हाय. रोज नगद हाय."

दुकानात कुणीतरी दुसरं बिल मागत होतं, पंखा कुरकुरत होता. मला एकदम सगळं कळलं. मागच्या महिन्यापासून हे नांदेडच्या ड्रायव्हरांशी बोलत होते, नवा शर्ट शिवला होता, हळदीला शिव्या देत होते. यांना तांड्यातून निघायचं होतं. कदाचित नुसतं पैशासाठी. कदाचित कशासाठी ते यांनाही ठाऊक नसेल. पण भियाने पैसे दिले होते हळदीच्या भाड्यावर फेडायला, आणि एकदा गाडी रोडला लागली की कोथळी माझ्या कमरेला राहणार नव्हती.

"बहनजी, पैसे?" दुकानदार नवाचा खोका बांधायला घेत म्हणाला.

मी टायरांच्या मागून पुढे आले. कोथळीवर हात होता तो तसाच ठेवला.

"आठाची," मी म्हटलं.

हे माझ्याकडे बघत राहिले. दुकानदार यांच्याकडे बघत राहिला. मिस्त्री पंख्याकडे. मी नाडी सोडली नाही. लोकांना वाटतं लाजाळू बाईकडे हट्ट नसतो. लाजाळू माणसाजवळ तोंडाने भांडायची ताकद नसते, म्हणून तो नुसता उभा राहतो, आणि उभं राहणं त्याला इतरांहून जास्त वेळ जमतं.

"दे बाबा, आठाची दे," शेवटी हे म्हणाले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

तरी मी खोका तसाच उचलला नाही. खोक्यावर एक लिहिलेलं आणि आत दुसरं असू शकतं. मी दोन्ही चाकं बाहेर काढायला लावली. दोन्हीवर कोरलेला नंबर वाचला. आकडे मला येतात. पदराचा एक सुटा दोरा तोडून मोठ्या चाकाच्या एका दाताला बांधला, म्हणजे सुरुवात हरवणार नाही, आणि बोट फिरवत मोजलं. त्रेचाळीस. मिस्त्री म्हणाला होता तेवढेच. दुकानदार म्हणाला, "बहनजी, इतना तो कंपनीवाला भी नहीं गिनता." मी परत एकदा मोजलं.

पैसे दिले. आम्ही बाहेर आलो आणि मिस्त्री मागे रेंगाळला. मी वळून बघितलं. दुकानदाराने त्याच्या हातात काहीतरी ठेवलं आणि त्याने ते न बघता खिशात घातलं.

स्टँडवर एसटीची वाट बघत बसलो होतो. मधे खोका. हे तिकडे तोंड करून बसलेले. मला राहवलं नाही.

"मिस्त्री, दुकानवाल्याने तुमाला काय दिलं?"

मला वाटलं तो नाही म्हणेल. तो बिडी पेटवत म्हणाला, "माझं कमिशन. देतो तो. ज्यानं गिऱ्हाईक आणलं त्याला देतो."

"म्हंजे आमच्याच पैशातलं!" हे गरकन वळले.

"गेल्या बारीला तुमी मला सोडून गेलते, मालक. तवा माझं कमिशन वाचलं. मग तुमाला सूट भेटली का?"

हे परत तिकडे तोंड करून बसले.

"ताई," तो मला म्हणाला, "तुमी दात मोजले. खोटे निघाले का?"

"न्हाई."

"मग झालं. मी खाल्लं बी, आन् खरं बी सांगितलं. दोन्ही व्हतं माणसाला."

त्याच्या या वाक्याचा मी किती वर्षं विचार केला असेल. मला दोन्हीपैकी एकच धरायचं होतं: एक तर तो चोर आहे आणि त्याचं सगळं खोटं, नाहीतर तो भला आहे आणि माझा संशय खोटा. माझा संशय खरा निघाला आणि त्याचा सल्लाही खरा निघाला. अशा माणसाला कुठं ठेवायचं, हे मला चौथीपर्यंत शिकवलं नव्हतं. पुढंही कुठं शिकवत असतील असं वाटत नाही.

जोडी बसवताना मी दगडावर बसून बघत राहिले. जुनी बसवून नवी पळवतील, ही भीती. दातांवर दात कुठं टेकतो ते बघायला मिस्त्रीला रंग लागतो. त्याचा रंग संपला होता. त्याने माझ्याकडे हळद मागितली, तेलात घट्ट कालवली, मोठ्या चाकाच्या दातांना लावली आणि चाक हाताने फिरवलं. दातांवरची हळद जिथं घासली तिथं पुसली गेली. "ह्ये बघा ताई, ठसा मधात आला पाहिजे. कडंला आला की ती रडणार." ठसा आधी कडेला आला. त्याने पातळ पत्रे घातले, काढले, परत फिरवलं. ऊन उतरेपर्यंत त्याचं हेच चाललं होतं. शेवटी ठसा मधोमध आला. मी वाकून स्वतः बघितला.

जीप चढण चढली तेव्हा आवाज आला नाही. म्हणजे इंजिनाचा आला, पण खालचा सूर नव्हता. सासरे काठी टेकत वाटेवर आले होते. जीप त्यांच्यापाशी थांबली तशी त्यांनी मागच्या गोळ्यावर हात ठेवला, गाभण गाईच्या पोटावर ठेवतात तसा, आणि कान दिला.

"हं," म्हणाले. "आता रवंथ करून राहिली."

चुकलं असं ते कधी म्हणाले नाहीत. पण पुढच्या वेळी मिस्त्री आला तेव्हा त्यांनी त्याला स्वतःच्या बाजेवर बसवलं. बैलाच्या व्यापाऱ्याने बाज देणं हा केवढा मान ते आमच्याकडच्याला सांगावं लागत नाही.

मालकांचं वेगळं. आठाची जोडी सडकेवर सावकाश चालते. नांदेड रोडला सवारी घेणाऱ्या गाड्या हिच्या पुढून निघून जात. दोन-तीनदा जाऊन बघितलं आणि सोडून दिलं. नंतर कितीतरी वर्षांनी, नाल्यावर पूल झाला, सडक डांबरी झाली, जीप भंगारवाल्याने ओढून नेली, तेव्हा ते एकदा जेवताना म्हणाले, "तू मला त्या नाल्यात बांधून घातलंस." रागाने म्हणाले की सहज, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी भाकरी वाढली. ते खोटं नव्हतं. पण बांधलं नसतं तर ते कुठं असते आणि मी कुठं असते?

कधी कधी वाटतं, संशय हा वाईटच असं नाही. ज्याच्याकडे गमवायला फार नसतं त्याची तोच राखण करतो. पण तो कुत्र्यासारखा आहे. चोरावर भुंकतो तसा पाव्हण्यावरही भुंकतो. भियावर मी त्या होळीला उगाच भुंकले होते, मनातल्या मनात. तो डफ ठेवून गेला तो बायकोच्या बोलण्याची लाज वाटून गेला होता. हे मला पुढं भावजयीनेच सांगितलं.

त्या हंगामात भाडं दोनदा बंद पडलं, म्हणून थोडेच पैसे फिटले. राहिलेले पुढच्या हळदीला. त्या वर्षी जीपने सगळं शिवार वाहिलं, आणि मोंढ्यात शेवटची पोती उतरली तशी मी यांना म्हटलं, आज भियाकडे जायचं. यांनी उरलेली सगळी रक्कम माझ्या हातात दिली.

भियाच्या ओसरीवर बसले. भावजयीने पाण्याचा तांब्या समोर ठेवला. मी पैसे तिच्याच हातात दिले, भियाच्या नाही. तिने ते न बघता कमरेला खोचले.

"मोजा, वैनी," मी म्हटलं.

"काहून? घरचेच तर पैसे."

"मोजा."

"असू दे गं," भिया म्हणाला. "बहिणीचे पैसे मोजतात का कुठं?"

"न्हाई भिया. मोजल्याबिगर मी इथलं पाणी पिणार न्हाई."

न मोजलेले पैसे उद्या कमी पडू शकतात. आज ती घरचे म्हणाली, पुढच्या होळीला गाण्यात काय म्हणेल कुणी सांगावं. भावजयीने माझ्याकडे नीट बघितलं. पहिल्यांदाच, असं मला वाटलं. मग ती मांडी घालून समोर बसली, बोट ओलं केलं आणि मोजायला लागली. एक नोट तिने उजेडाकडे धरून उलटसुलट बघितली. मला राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर मीही धरली असती. शेवटची नोट खाली ठेवून ती म्हणाली, "बराबर हाय. फिटले समदे."

मी तांब्या उचलला.